ठिपका गोल होता

दिवाकर, ठिपका गोल होता.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुला सांगायची तशी गरजही नव्हती, तुला ते माझ्याआधी कळलं होतं. पण तुझ्या तोंडावर कबूल करणं वेगळं, आणि ते मी केलं नाही. छावणीतल्या तुझ्या दुकानात, टेबलावर घट्ट पकडून बसवलेल्या, एअरगनवर नेम धरायच्या त्या साईटमधून मी पाहिलं. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल ठिपका टिकलीसारखा बसला होता. गोल, कडा स्वच्छ. आणि मी डोळा न हलवता तुला म्हणालो, "अजून तसाच आहे. शेपूट आहे त्याला."

तू जाऊन सतरा दिवस झाले. शोकसभेत मला बोलायला लावलं, बालमित्र म्हणून. मी तुझ्या मनमिळाऊ स्वभावावर बोललो, हातातल्या कलेवर बोललो, कुणाच्याही शोकसभेत खपेल असं पाच मिनिटं बोललो. खाली येऊन बसलो तर शेजारी बसलेल्या, आपल्या नेमबाजीच्या क्लबातल्या इर्शादभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सबसे जादा नुकसान तो तुम्हारा हुआ, भगवानभाई." तो हात मला सहन झाला नाही. पाणी प्यायचं निमित्त काढून मी उठलो आणि परत आत गेलोच नाही.

म्हणून हे लिहायला बसलोय.

सिल्लोडच्या जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल तू विसरला नसशील. आपण सातवीत होतो. तुझ्या घरी पूजेची घंटा, माझ्या घरी नांगर, आणि दोघांचाही जीव त्या छर्‍याच्या बंदुकीत अडकलेला. माझे पहिले चार छर्रे वाया गेले. तू मागून कानात म्हणालास, "भगवंता, ह्यानं नळीच वाकवून ठेवलीया. डावीकडं दोन बोटं धर." मी धरलं, आणि ओळीनं सात फुगे फुटले. स्टॉलवाला वैतागून म्हणाला, "बास झालं पैलवान, दुसऱ्यालाबी येऊ द्या!" आपण घरी पोचायच्या आत गल्लीभर झालं होतं की या पोराची नजर घारीची आहे.

दोन बोटं कुणी सांगितली हे मी कुणाला सांगितलं नाही. तूही नाही सांगितलंस. फक्त आपण दोघंच असलो की वाद काढायचास. तू म्हणायचास नळी वाकडी होती, मी म्हणायचो हात पक्का होता. "बंदूक वाकडी असली तर नेम सरळ धरून काय उपेग?" हे तुझं, आणि "नेम माझा होता ना पण?" हे माझं. तीस-पस्तीस वर्षं आपण हा वाद घातला, चहावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर तुझ्या वडिलांच्या तेराव्याला. हसत घालायचो. माझ्या नजरेची सगळी कीर्ती तुझ्या एका कुजबुजीवर उभी होती हे मला हसता हसता विसरता यायचं.

पुढं त्याच नजरेवर मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात चिकटलो. तपासणीचं काम. पार्ट हातात आला की केसाएवढा ओरखडाही मी उजेडाकडं न धरता सांगायचो. पोरं म्हणायची, "भगवानदादाच्या हातातून सुटला म्हणजे माल पास." मी हे ऐकून घरी जायचो तो दोन इंच उंच होऊन जायचो.

तू छावणीच्या बाजारात दुकान टाकलंस. तेव्हा शहर चारी अंगांनी सुटलं होतं. जो तो माळावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडत होता, आणि त्या रेघा मारणाऱ्यांच्या लेव्हलच्या, जमिनीची पातळी मोजायच्या दुर्बिणी तुझ्याकडं दुरुस्तीला यायच्या. सोबत जुने कॅमेरे, कुणाच्या आजोबांची दुर्बीण, आणि पुढं पुढं हौशी लोकांच्या एअरगनवर बसवायच्या त्या लाल ठिपक्याच्या साईट. तू गिऱ्हाइकाला सांगायचास ते मला पाठ आहे. एक छोटी तिरपी काच, तिच्या मागं बारका लाल दिवा. दिव्याचा उजेड काचेवरून परत फिरतो आणि डोळ्यात येतो, म्हणून समोरच्या टार्गेटवर लाल ठिपका तरंगताना दिसतो. टार्गेटवर खरं तर काहीच पडत नाही.

"ठिपका तिकडं नसतो बघा," तू बोट दाखवून म्हणायचास. "काचेतबी नसतो. तुमच्या डोळ्यात असतो. म्हणून आधी डोळ्याला विचारायचं."

आणि मग ती वही काढायचास. शंभर पानी, रेघांची, शाळेतल्या पोरांची असते तशी. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून साईटमधून बघायला लावायचं, आणि ठिपका दिसला तसा लाल पेननं वहीत काढून घ्यायचा. खाली सही. सहीशिवाय ठिपका नाही, हा तुझा नियम. गोल काढला तर साईट मिळायची. कुणी स्वल्पविराम काढला, कुणी द्राक्षांचा घड, कुणी चांदणी, की तू साईट परत डब्यात ठेवायचास. "आधी चष्म्यावाल्याकडं जावा. सिलेंडरचा नंबर हाय तुम्हाला. बुबुळ एका अंगानं जादा वाकलेलं असलं की उजेड फाटतो. नंबर काढा, चष्मा लावा, मग या." कुणी वाद घातलाच तर साईटला मोबाइल लावून फोटो काढायचास आणि दाखवायचास. फोटोत ठिपका गोल. "कॅमेऱ्याला सिलेंडर नसतो, साहेब." एवढं म्हणून चहा सांगायचास. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवून वर त्याला चहा पाजणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं मी तुझ्या शेजारी बसून शंभरदा ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माझी पाळी आली त्या दिवशी मी स्टुलावर बसलो, उजवा डोळा लावला, आणि ठिपक्याला शेपूट होतं. खाली डावीकडं ओघळल्यासारखं. मी डोळा चोळला. झोप झाली नसेल. काचेवर धूळ असेल. मग वहीत पाहिलं तर माझ्या वरच्या रांगेत इर्शादभाईंचा ठिपका होता, वाटाण्यासारखा गोल, खाली त्यांची उर्दू वळणाची सही. इर्शादभाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांच्याकडं बघून मी गोल काढला आणि सही केली.

तू वही उचललीस, म्हणालास, "कंपासनं काढल्यागत काढलास की रं."

मी हसलो. तूही हसलास. साईट मी घेऊन गेलो.

आपला रविवारचा क्लब म्हणजे काय, पाच-सहा टाळकी आणि चार एअरगन. सलग दोन-तीन पावसाळे कोरडे गेले होते. शेंद्र्याच्या पुढचा तो पाझर तलाव पार आटला होता, तळाला भेगा पडलेल्या. सरपंचाला विचारून आपण त्या तळात उभं राहून तलावाच्या मातीच्या भिंतीकडं तोंड करून टार्गेट लावायचो. छर्रे मातीत रुतायचे, मागं कुणी नाही, मोकळं रान. घरी नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, गावाकडं माझा भाऊ टँकरच्या रांगेत कळश्या घेऊन उभा असायचा, आणि मी कुणब्याचा पोरगा त्या तळात उभा राहून मनात म्हणायचो, अजून थोडे दिवस नको. तलाव भरला तर रविवार जाईल. हेही मी कुणाला बोललो नव्हतो. आता बोलायलाच बसलोय तर हेही.

त्या रविवारी आमचे क्वालिटीचे साहेब पहिल्यांदा आले होते, माझ्याच आग्रहानं. माझं पर्मनंटचं त्यांच्या हातात होतं, आणि आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी, कारखान्यात डोळे तपासणी होती. दुसरे एक पाहुणे होते, एका शाळेचे क्रीडाशिक्षक. शाळेत नेमबाजी सुरू करायची म्हणून बारा साईट तुझ्याकडून घ्यायचं त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. माल कसा आहे ते डोळ्यानं बघायला ते आले होते. तू सकाळपासून खुशीत होतास. वहिनींनी करून दिलेल्या धपाट्यांचा डबा साहेबांपुढं तूच धरलास.

आणि मी चुकत गेलो. दहातले सात छर्रे कागदालाच लागले नाहीत. ठिपक्याचं टोक धरू की शेपूट धरू हेच मला कळत नव्हतं.

इर्शादभाईंना राहवलं नाही. "क्या भगवानभाई, जत्रा के फुग्गे लाऊं क्या? ये कागज तो तुमसे डर के बाजू हो रा!"

सगळे हसले. साहेबही हसले आणि सहज बोलून गेले, "काय हो, तुम्ही आमचे इन्स्पेक्टर ना? पुढच्या सोमवारी डोळेवाल्या डॉक्टरांपुढं पहिला नंबर तुमचाच लावतो."

चेष्टाच होती. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणालो, "डोळ्याला काय झालंय? साईटच फालतू आहे. ठिपका फाटतोय."

तू लगेच आलास. बंदूक माझ्या हातातून घेतलीस, पाहिलंस. "मला तर गोल दिसतोय." मग आवाज खाली आणून मला म्हणालास, "परत धर. आता बंदूक आडवी कर, कुशीवर. शेपूट फिरलं का?"

"नाय. हाय तिथंच हाय."

"नीट बघ. बंदुकीसंगट फिरलं नाय?"

"नाय म्हणलं ना!"

तू माझ्याकडं पाहिलंस. तुझा हात खिशात गेला, मोबाइल बाहेर आला. फोटो काढला असतास तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. मला तेवढं कळत होतं, आणि त्या भीतीनंच मी पुढचं बोललो, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"दुरुस्तीचा माल नवा म्हणून डब्यात भरतोस काय रं? ती उघडलेली साईट पडली होती तुझ्या टेबलावर, तीच दिलीस ना मला?"

ती उघडी साईट तू लोकांना आतला दिवा कसा असतो ते दाखवायला ठेवली होतीस. मला माहीत होतं. मीच एकदा तिचा स्क्रू हरवला होता आणि आपण दोघांनी अर्धा तास जमिनीवर हात फिरवून तो शोधला होता.

तू साहेबांकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. मोबाइल परत खिशात ठेवलास.

"असेल," तू म्हणालास. "काच हाय, बिघडती. बदलून देतो."

एवढंच. शिक्षकांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, "बघू, नंतर कळवतो." धपाट्यांचा डबा अर्धा भरलेलाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून जालन्याला गेलो. आपल्या शहरात चष्म्याची पन्नास दुकानं असताना जालन्याला, कुणी बघू नये म्हणून. तिथल्या बाईंनी डोळ्यापुढं काचा फिरवल्या, आणि म्हणाल्या, "उजव्याला चांगलाच सिलेंडर आहे की. समोरच्या गाडीचा दिवा फाटलेला दिसत नाही का तुम्हाला?" मी म्हणालो, सगळ्यांनाच तसा दिसतो असं वाटायचं मला. त्या हसल्या. "सगळ्यांना कसा दिसेल?"

परतीच्या बसमध्ये तुझा प्रश्न मला कळला. साईट खराब असती तर बंदूक आडवी केल्यावर शेपूटही तिच्याबरोबर आडवं झालं असतं. बंदूक फिरली आणि शेपूट जागच्या जागी राहिलं, म्हणजे ते बंदुकीवर नव्हतंच. माझ्यावर होतं. सगळ्यांदेखत तू माझा डोळा तपासला होतास, उत्तर माझ्याच तोंडून घेतलं होतंस, आणि ते उत्तर खिशात घालून साहेबांपुढं स्वतःच्या मालाला नाव ठेवलं होतंस.

चष्मा तयार झाला तशी दोन दिवसांनी मी तुझ्या दुकानात आलो. देवाशपथ सांगतो, दिवाकर, सांगायलाच आलो होतो. बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण तू आधी बोललास, "ये. तुझी साईट उघडून बघितली. मला काय सापडलं नाय. तूच बघ एकदा." टेबलावर ती पकडून बसवली होतीस. मी बसलो. चष्मा डोळ्यावरच होता. ठिपका गोल होता.

वाक्य तोंडात होतं. आणि त्याच वेळी मला दिसलं की ते बोललो तर त्याच्या मागून दुसरं बोलावं लागेल, ते डब्यात भरलेल्या मालाचं. डोळ्याची चूक माणूस सांगू शकतो. ते दुसरं म्हणजे चूक नव्हती.

"अजून तसाच आहे," मी म्हणालो.

तू हात पुढं केलास आणि माझ्या नाकावरून चष्मा काढून घेतलास. "नवा?"

"चाळिशी."

वही उघडीच होती. तू चष्म्याची उजवी काच वहीच्या रेघांवर धरलीस आणि हळूहळू फिरवलीस. मीही बघत होतो. काचेतल्या रेघा बाहेरच्या रेघांपासून सुटल्या, तिरप्या झाल्या, कात्री उघडावी तशा. चाळिशीच्या काचेत रेघा तिरप्या होत नाहीत. हे तूच मला कधीतरी शिकवलं होतंस, आणि तू मला शिकवलं होतंस हे तुला आठवत होतं.

तू खिशातला रुमाल काढलास, दोन्ही काचा पुसल्यास, चष्मा माझ्या हातात दिलास. "चांगला बनवलाय," म्हणालास. मग चहा सांगितलास. आपण चहा प्यायलो. पाण्याच्या टँकरबद्दल बोललो.

सोमवारची तपासणी कशी झाली ते तुला कधी सांगितलं नाही. डॉक्टरांनी मला तक्ता वाचायला लावला, चष्मा पाहिला, कागदावर लिहिलं, "चष्म्यासह योग्य", आणि पुढच्याला हाक मारली. अर्धा मिनिट. ज्याला भिऊन मी तुला चार माणसांत खोटं पाडलं, ते संकट एवढं होतं. मला पर्मनंट केलं. पेढे घेऊन तुझ्याकडं आलो तेव्हा तू त्यातला एक देवापुढं ठेवलास.

शिक्षकांनी काही कळवलं नाही. मग शहरात ते वाक्य एकट्यानं फिरायला लागलं. दिवाकरकडं दुरुस्तीचा माल नवा म्हणून मिळतो. मी ते एकदाच बोललो होतो. पण मला ते चहाच्या टपरीवर ऐकू आलं, कारखान्यात ऐकू आलं, एकदा एका लेव्हलवाल्यानं मलाच सांगितलं, "त्या छावणीवाल्याकडं नका देऊ, काचा बदलतो म्हणे." मी म्हणालो, "असं का?" हे तीन अक्षरी उत्तर मी दिलं, दिवाकर. मग तुझ्याकडं दुर्बिणी यायच्या कमी झाल्या. दोन वर्षांनी तू दुकान आवरलंस आणि दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या कामाला लागलास. दिवसभर लोकांच्या सिलेंडरच्या काचा फ्रेममध्ये नीट कोनात बसवायच्या. तुझ्या जागी दुसरा असता तर त्यानं मला तिथं बोलावून एकदा तरी तोंडावर फेकलं असतं.

तू मला एकच टोमणा मारलास, आणि तोही जन्मभर पुरवून पुरवून. मी स्कूटरला किक मारली की म्हणायचास, "चष्मा लावत जा रं, भगवंता. चाळिशी असली तरी." एवढंच. कधी वहिनींपुढं, कधी माझ्या पोरीपुढं. ती म्हणायची, "काका, बाबांना चाळिशी लागून किती वर्षं झाली?" तू म्हणायचास, "तुझ्या बाबाला लौकर लागली. लई हुशार माणसांना लौकर लागती."

मी त्यावर हसायचो. मला त्या हसण्याची इतकी सवय झाली होती की तू माफ केलंस असं मी धरूनच चाललो. माफी मागितल्याशिवाय मिळते असं वाटणं ही फार सोयीची गोष्ट आहे.

बापाच्या आजारात माझ्या आधी तू दवाखान्यात पोचायचास. पोरीच्या लग्नात वाढप्यांवर ओरडत फिरलास. हे सगळं मी घेत गेलो. कधी कधी मनात यायचं, हा मुद्दाम चांगला वागतोय, मला आणखी लाजवायला. असंही मी तुझ्याबद्दल मनात आणलंय.

आणि दोन महिन्यांपूर्वीची ती टपरी. आपण आपला तलाव बघून आलो होतो. त्यात आता पाणी आहे, पण कडेनं बंगल्यांच्या रांगा आणि सोसायटीची कमान. तू म्हणालास, "आपण उभं राहायचो ती जागा पाण्याखाली गेली बघ." मग बशी खाली ठेवून म्हणालास, "भगवंता, तो ठिपका..."

"अरे, नवीन पाइपलाइनचं काय झालं रं?" मी म्हणालो. "तुमच्या भागात आलं का पाणी?"

तू बशी परत उचललीस. मग पाइपलाइनचं सांगायला लागलास. तू काय विचारणार होतास, की काहीच विचारणार नव्हतास, की फक्त म्हणणार होतास की जाऊ दे, हे आता मला कधीच कळणार नाही. ते कळू नये याची सोय माझी मीच केली.

परवा वहिनींकडं गेलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि आतून एक पत्र्याचा डबा आणला. "भाऊजी, हे तुमचं. त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाय. म्हणायचे, भगवानचं हाय, तो न्यायला येईल." डब्यात ती साईट होती, मऊ कापडात गुंडाळलेली, आणि खाली ती वही. "वहीपण न्या. आता आमच्याकडं कोण बघतंय."

मग पदर नीट करत म्हणाल्या, "एक बोलायचं राहिलं होतं. त्या वेळेला तुम्हाला खराब वस्तू गेली, चार माणसांत तुमची फजिती झाली. मला लई वाईट वाटायचं. ह्यांनी मुद्दाम नसेल केलं, भाऊजी. त्यांच्या वतीनं माफ करा."

तू वहिनींनाही सांगितलं नव्हतंस. माझं झाकायला तू तुझ्या बायकोच्या नजरेत स्वतःच्या मालाला खोट ठेवलीस, इतकी वर्षं.

मी काय केलं असेल? तू असतास तर ओळखलं असतंस. मी म्हणालो, "असू द्या, वहिनी." माफ केल्यासारखं.

घरी येऊन नवा सेल घातला. चष्मा लावून पाहिलं, ठिपका गोल. चष्मा काढून पाहिलं, शेपूट खाली डावीकडं. मग वही उघडली आणि माझं पान काढलं. माझा गोल ठिपका, कंपासनं काढल्यागत, खाली माझी सही. आणि त्याच्या शेजारी दुसरा ठिपका होता, तुझ्या हातचा. त्याला शेपूट होतं. खाली डावीकडं, जसं मला दिसतं अगदी त्याच कोनात. शेपूट कुठल्या बाजूला आहे हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी रेघांवर काच फिरवलीस तेव्हा तुला ते कळलं असणार, आणि मी गेल्यावर तू वही खरी करून ठेवलीस. माझ्या डोळ्यातून तू एकदा बघून घेतलंस.

त्या ठिपक्याखाली सही नाही. जागा सोडलेली आहे.

हे लिहिताना मला कळतंय की कागदाला सांगणं सोपं आहे. कागद माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवत नाही. म्हणून जे बाकी आहे ते सरळ लिहितो. वहिनींसमोर बसून सांगायचं आहे की साईट चांगली होती, माल नवा होता, डोळा माझा वाकडा होता, मी खोटं बोललो, आणि परवा त्यांनी मागितलेली माफी त्यांना परत करायची आहे. तेच इर्शादभाईंना, साहेबांना, आणि सापडले तर त्या शिक्षकांना सांगायचं आहे. आणि तू काढलेल्या ठिपक्याखाली माझी सही करायची आहे. यातलं अजून एकही झालेलं नाही.